तुम्ही विचारलंत म्हणून : सुटून आलेला जवान हिरो असतो का?

ईएमईतून, म्हणजे सैन्याच्या गाड्या-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या शाखेतून, निवृत्त होऊन गावी आल्यापासून कारगिल विजय दिनाला, सव्वीस जानेवारीला आसपासच्या शाळा-कॉलेजांतून बोलावणं येतं. भाषण संपलं की एक प्रश्न हमखास येतो. आधी मुलं विचारायची, आता पालकही विचारतात. शत्रूच्या तावडीतून सुटून आलेल्या सैनिकाची एवढी वाहवा होते, तर तो खरोखर हिरो असतो, की टीव्हीवाले त्याला हिरो करतात? व्यासपीठावर दोन मिनिटांत याचं उत्तर होत नाही, म्हणून इथे लिहितो.

सुटून येणं हा पराक्रम नाही, आणि कलंक तर मुळीच नाही. जिवंत परतलेला माणूस कुणाचं काही देणं लागत नाही. पराक्रम ठरतो तो त्याने पकडलं जाण्याआधी, कैदेत आणि सुटल्यावर काय केलं यावरून. कॅमेऱ्याला यातलं काही घडवता येत नाही. कुणाचा चेहरा दाखवायचा, एवढंच त्याच्या हातात असतं. माझी तक्रार त्या निवडीबद्दल आहे, आणि ती समजून घ्यायला मला इराकच्या लढाईतली अमेरिकी शिपाई जेसिका लिंचची हकीकत सगळ्यात उपयोगी वाटते.

२३ मार्च २००३. अमेरिकी फौजा कुवेतमधून बगदादच्या दिशेने निघाल्या होत्या. त्यांच्या मागे ५०७ मेंटेनन्स कंपनी होती. ही लढणारी तुकडी नव्हे. गाड्या दुरुस्त करणारे, सुटे भाग सांभाळणारे, स्वयंपाक करणारे लोक, म्हणजे आमच्याच जातकुळीतले. कॉनवॉयमध्ये मेंटेनन्सवाल्यांचं काय होतं ते मला सांगावं लागत नाही. पुढची गाडी रुतली की ओढून काढायची, बंद पडलेली टो करायची, आणि हे सगळं करेपर्यंत पुढचा काफिला नजरेआड झालेला असतो. ५०७ चं तेच झालं. जड गाड्या वाळूत रुतत गेल्या, माणसं कित्येक तास झोपलेली नव्हती, आणि मागे पडलेल्या १८ गाड्या, ३३ माणसं वळण चुकून थेट नासिरिया शहरात शिरली. चूक लक्षात आल्यावर वळून परत निघाली तेव्हा दोन्ही बाजूंनी गोळीबार सुरू झाला. ११ जण मारले गेले.

त्यातल्या एका हम्वी गाडीत पाच जण होते. चालवत होती लोरी पिएस्टेवा, ॲरिझोनातल्या होपी जमातीची, दोन लहान मुलांची आई. शेजारी कंपनीचे फर्स्ट सार्जंट रॉबर्ट डाउडी. आपली माणसं मागे राहू नयेत म्हणून ते गोळीबारातही काफिल्याच्या मागेपुढे गाडी फिरवत होते. मागे आणखी दोघे आणि त्यांच्यामध्ये स्टोअरची क्लार्क जेसिका लिंच, वय १९, वेस्ट व्हर्जिनियातल्या छोट्या गावातली. कॉलेजच्या फीची सोय व्हावी आणि पुढे बालवाडीची बाई व्हावं, म्हणून ती फौजेत आली होती. गाडीवर मारा झाला आणि ती भरधाव वेगात आपल्याच एका ट्रेलरवर मागून आदळली. तिघे गेले. लोरी आणि जेसिका जबर जखमी अवस्थेत पकडल्या गेल्या, आणि लोरीने इराकी दवाखान्यात प्राण सोडला. पाचांतली एक उरली.

१ एप्रिलच्या रात्री अमेरिकी कमांडोंनी नासिरियाच्या दवाखान्यावर धाड घालून जेसिकाला बाहेर काढलं. अंधारातलं टिपणाऱ्या कॅमेऱ्याने त्याचं चित्रण झालं होतं, आणि ती हिरवट फिल्म काही तासांत जगभर दाखवली गेली. ३ एप्रिलला वॉशिंग्टन पोस्टने अधिकाऱ्यांचा हवाला देऊन छापलं की तिने गोळ्या संपेपर्यंत लढा दिला, अंगावर गोळ्यांच्या आणि भोसकल्याच्या जखमा घेतल्या. प्रत्यक्षात तिची रायफल जॅम झाली होती. तिने एकही गोळी झाडली नव्हती. तिच्या जखमा होत्या त्या गाडी आदळल्याच्या. मांडी, दंड, पाय, मणका, सगळीकडे मोडलेली हाडं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की इराकी सैनिक आदल्याच दिवशी तिथून निघून गेले होते. पोस्टनेही जूनमध्ये आपलं आधीचं वर्णन दुरुस्त करणारी मोठी बातमी छापली, पण तोवर लोकांच्या मनात पहिली बातमी पक्की बसली होती.

रायफल जॅम झाली म्हणून मुलं हसतात, तेव्हा मी त्यांना थांबवतो. वाळवंटातली ती पिठासारखी बारीक माती तेलावर चिकटते आणि बोल्टमध्ये, म्हणजे गोळी आत ढकलणाऱ्या भागात, जाऊन बसते. पुल-थ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, चिंदी लावून रोज नळी साफ केली तरी आतली हालचाल अडते. अमेरिकी सैन्याच्या स्वतःच्या अहवालात त्या दिवशी अनेकांची हत्यारं अडकल्याचं आलं आहे. त्याच काफिल्यात पॅट्रिक मिलर नावाचा शिपाई होता. त्याचीही रायफल गोळी आपोआप चढवत नव्हती. त्याने एकेक गोळी हाताने आत ढकलली, एकेक झाडली, पुन्हा एकेक भरली, आणि मॉर्टर डागायला आलेल्यांना रोखून धरलं. मग तोही पकडला गेला. त्याला सिल्व्हर स्टार हे अमेरिकी शौर्यपदक मिळालं. चालू लढाईत हाताने एकेक गोळी भरणं म्हणजे काय, हे ज्याने रायफल हाताळली आहे त्याला विचारा.

आणि सार्जंट डोनाल्ड वॉल्टर्स. तो काफिल्यापासून तुटून एकटा पडला, लढला, पकडला गेला आणि पकडणाऱ्यांनीच त्याला मारलं. जेसिकाच्या नावावर जो लढा छापून आला तो बहुधा याचा होता. त्याच्या घरच्यांनी पाठपुरावा केला, सैन्याने पुन्हा तपास केला, आणि २००४ मध्ये त्याला मरणोत्तर सिल्व्हर स्टार दिलं. आता वर्गात विचारून पाहा, वॉल्टर्स हे नाव किती जणांनी ऐकलं आहे.

धाड घालणाऱ्या कमांडोंबद्दलही एक सांगायचं आहे, कारण ती फिल्म बनावट होती असं म्हणून काही जण मोकळे होतात. ही माणसं आत गेली तेव्हा समोर काय वाढून ठेवलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. दवाखान्याच्या आवारात आपल्या सैनिकांना पुरलंय असं कळल्यावर फावडी नव्हती म्हणून त्यांनी हातांनी माती उकरली आणि मृतदेह बाहेर काढून सोबत नेले. मला विचाराल तर त्या रात्रीतलं सगळ्यात मोठं काम हे होतं.

त्याच कंपनीची स्वयंपाकी शोशाना जॉन्सन. दोन्ही घोट्यांना गोळ्या लागलेली, भेदरलेल्या चेहऱ्याने इराकी टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर प्रश्नांची उत्तरं देताना जगाने तिला पाहिलं. ती २२ दिवस कैदेत होती, जेसिकापेक्षा जास्त. अमेरिकेच्या इतिहासात युद्धकैदी झालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. १३ एप्रिलला मरीन जवानांनी तिला बाकीच्यांसोबत सोडवलं. त्याच वर्षी पुढे बातमी आली की तिला ३० टक्के डिसॅबिलिटी, म्हणजे अपंगत्वाचा भत्ता, मंजूर झाली आणि जेसिकाला ८० टक्के. टक्के दुखापतीवर ठरतात हे मी जाणतो आणि जेसिकाच्या दुखापती खरोखर भयंकर होत्या. तरीही शोशानाच्या घरच्यांना हा भेद रंगाचा वाटला, आणि त्यांना तसं का वाटलं ते मला समजतं. गोऱ्या, सोनेरी केसांच्या मुलीचा चेहरा मासिकांच्या मुखपृष्ठांवर होता. हिचा नव्हता.

आता जेसिकाकडे परत येतो, कारण तिच्यावर अन्याय करून हा लेख संपवायचा नाही. तिच्यासमोर सोपा रस्ता होता, गप्प बसण्याचा. लोक टाळ्या वाजवत होते, पुस्तक आलं होतं, टीव्हीवर चित्रपट झाला होता. तिने त्याच वर्षी मुलाखतीत सांगून टाकलं की मी काही केलेलं नाही, मला प्रतीक म्हणून वापरलं गेलं आणि ते चूक आहे. २४ एप्रिल २००७ ला ती अमेरिकी संसदेच्या समितीपुढे शपथेवर बोलली. माझे सहकारी खरोखर लढले असताना मला दंतकथा का बनवलं, हे मला अजून कळलेलं नाही, असं तिने सांगितलं, आणि डाउडीचं, लोरीचं काम तिथे बोलून दाखवलं. त्याच दिवशी समितीपुढे पॅट टिलमनचा भाऊही होता. टिलमन अमेरिकी फुटबॉलमधली मोठी कमाई सोडून फौजेत गेला आणि अफगाणिस्तानात आपल्याच माणसांच्या गोळ्यांनी मेला, पण आधी देशाला सांगितलं गेलं ते शत्रूशी लढताना मेल्याचं. मी जेसिकाला धाडसी मानतो ते या साक्षीसाठी. पुढे ती शिक्षिका झाली. पायाला आधाराची पट्टी बांधून तिने शिकवलं.

मुलं लगेच म्हणतात, सर, हे अमेरिकेचं झालं. आपल्याकडे असं नाही होत.

२७ फेब्रुवारी २०१९ ची सकाळ आठवा. विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांचं मिग-२१ पडलं, ते पाकिस्तानच्या हाती लागले. डोळ्यांवर पट्टी असताना त्यांनी नाव, हुद्दा आणि नंबर सांगितला आणि पुढच्या प्रश्नाला नकार दिला. जवानाकडून हेच अपेक्षित असतं आणि ते त्यांनी चोख केलं. त्यांना वीरचक्र मिळालं ते आकाशातल्या कामगिरीबद्दल. लोकांनी मात्र उचलली ती मिशी आणि चहाचा कप. गावोगावच्या सलूनमध्ये तशी मिशी कोरून घ्यायला रांगा लागल्या.

त्याच सकाळी काश्मीरमध्ये बडगामजवळ हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं. आतले सहाही जण गेले, खाली एक स्थानिक नागरिक गेला. ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुखांनी जाहीरपणे मान्य केलं की आपल्याच क्षेपणास्त्राने ते पडलं आणि ती मोठी चूक होती. त्या सहांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. १ मार्चला नाशिकमध्ये त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. नाशिककर हजारोंनी जमले, त्यांनी आपलं कर्तव्य केलं. देशभरातले कॅमेरे मात्र त्या दिवशी सकाळपासून वाघा सीमेवर लागले होते, अभिनंदन रात्री येईपर्यंत.

यात अभिनंदन यांचा काडीचाही दोष नाही. ते परत आले याचा आनंद मलाही झाला, आमच्या घरी सगळे टीव्हीपुढे बसून होते. पण त्याच सकाळी कामावर निघालेला आणि आपल्याच बाजूच्या चुकीने गेलेला अधिकारी कोण होता, हे महाराष्ट्रातल्याच कॉलेजात विचारल्यावर शांतता पसरते, तेव्हा फार वाईट वाटतं.

मग सुटून आलेल्या जवानाचा सत्कार करायचा की नाही, असं एका प्राध्यापकबाईंनी मला विचारलं होतं. जरूर करा. शाल द्या, नारळ द्या, ढोल लावा, तो घरी आला आहे. फक्त माइक हातात दिल्यावर किती जणांना मारलं, असं विचारू नका. तुमच्या गाडीत अजून कोण कोण होतं, हे विचारा, आणि बोलायला त्याला पुरेसा वेळ द्या. ती नावं सांगायला लागला की तो लवकर थांबत नाही.