मामाचा एमआरआय नॉर्मल आला, मग हालचाल एवढी संथ का?

आमच्या पंचवटीच्या मामाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या नीट चालू आहेत, कानात आवाज येणं थांबलंय, पण शर्टाची बटणं लावेपर्यंत त्याचा चहा गार होतो. आजी म्हणते आळस, मावशी म्हणते गोळ्यांनी वाट लावली. त्यात शरणपूर रोडला एमआरआय काढला, रिपोर्ट नॉर्मल, झालं, "बघा, काही नाहीये त्याला!"

अहो पण त्या एमआरआयमध्ये गाठ, रक्तस्राव, असलं काहीतरी शोधतात. हालचालीवर रिसर्च करणारे लोक फंक्शनल एमआरआय वापरतात, म्हणजे मशीनमध्ये झोपून बोटं टॅप करायची आणि त्या वेळी मेंदूत कुठे ऑक्सिजनवालं रक्त जास्त जातंय ते बघायचं. काही स्कॅन तर नुसतं पडून असताना रक्तप्रवाह मोजतात. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात सेबास्टियन वाल्थर आणि त्यांच्या टीमने यावर बरंच काम केलंय. स्किझोफ्रेनियाच्या ज्या पेशंटना कॅटाटोनिया होता, म्हणजे माणूस थिजल्यासारखा होतो ते, त्यांच्यात हालचालीची आखणी करणाऱ्या सप्लिमेंटरी मोटर एरियात स्वस्थ पडलेले असतानाही रक्तप्रवाह जास्त दिसला. मला तर हे उलटंच वाटलं, हालचाल कमी आणि तो भाग मात्र जोरात! पण हे फरक बऱ्याच जणांच्या सरासरीत दिसतात, एकट्या मामाच्या फिल्मवर बोट ठेवून दाखवता येत नाहीत.

मावशीचं म्हणणं अगदीच खोटं नाही. या गोळ्या मेंदूतलं डोपामाइन नावाचं रसायन अडवतात, त्यामुळे पार्किन्सनसारखा ताठरपणा, थरथर येऊ शकते. पण काल्हबाउम नावाच्या जर्मन डॉक्टरने कॅटाटोनियावर पुस्तक लिहिलं 1874 मध्ये, आणि क्लोरप्रोमाझिन, या आजारावरचं पहिलं औषध, वापरात आलं 1952 च्या सुमारास. म्हणजे हा त्रास गोळ्यांच्या आधीपासूनचा. शिवाय एकही गोळी न घेतलेल्या पेशंटमध्येही हालचालीच्या तक्रारी सापडल्यात. म्हणून सगळं खापर गोळ्यांवर फोडून त्या परस्पर बंद करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

डॉक्टरांनी एक साधी टेस्ट घेतली होती, टेबलावर आधी मूठ, मग हाताची कड, मग तळवा, परत तेच. मामा तळव्यावर आला की अडायचा, पुढे काय तेच सुचेना. मशीन नाही, खर्च नाही, आणि रिपोर्टपेक्षा जास्त कळलं मला.

पुढच्या व्हिजिटला त्याचा चालतानाचा आणि बटणं लावतानाचा व्हिडिओ घेऊन जाणार आहे, डोस बदलायचा का ते डॉक्टरच ठरवतील. मावशीलाही सोबत नेतोय, तिचे प्रश्न तिनेच विचारावेत.