मेअखेरचं पाणी

नळाला परत तोच वास. सडक्या अंड्यासारखा, आणि हंड्याच्या तळाशी काळसर कण. काकी दारातूनच म्हणाल्या, "पाण्याक वास येता गे, त्या बोटी आधी बंद करूक होयत." तेव्हापासून वासापेक्षा ते वाक्यच डोक्यात घोळतंय.

धरणातल्या, पायाने मारायच्या बोटी. ना इंजिन, ना तेल. त्यांचा काय दोष? उन्हाळ्यात धरणातल्या पाण्याचे थर पडतात, वर कोमट आणि खाली गार. वरची हवा तळापर्यंत पोचत नाही. खाली कुजणारा पाला उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतो, वास तिथलाच, आणि गाळातलं लोह-मँगनीज पाण्यात सुटतं. जांभ्याच्या मुलखात लोहाला काय तोटा! जॅकवेलला, म्हणजे धरणातलं पाणी उपसायच्या विहिरीला, वेगवेगळ्या उंचीवर झडपा ठेवतात त्या याचसाठी, वरचं चांगलं पाणी घेता यावं म्हणून. पण मेअखेरीस पातळी वरच्या झडपेखाली उतरली की तळाचंच उचलावं लागतं. क्लोरीन पडला की त्यातलं मँगनीज हळूहळू काळं होतं.

हे ऐकून घ्यायला कुणाला वेळ नाही. दादा असता तर... असो.

बोटी बंद केल्या की माणसं यायची थांबतील, आणि मग तिकडे बघणार कोण? खरी घाण काठावरून जाते. शाम्पू लावून आंघोळी, गाड्या धुणं, पत्रावळी, निर्माल्य. साबण आणि खरकटं म्हणजे शेवाळाला खतच. पोरांनी पोहावं, जरूर पोहावं, पण साबण काठाच्या वरच राहू दे. आणि जॅकवेलपासून लांब. पंप चालू असताना झडपेपाशी ओढ असते. पाणी उतरल्यावर पिचिंगचे, म्हणजे बांधाच्या उतारावर बसवलेले, दगड बुळबुळीत होतात. सूर मारून एकदम गार थरात गेलं की दम अडकतो. बोटीत घालायच्या लाइफ जॅकेटचा मांड्यांमधला पट्टा बांधला नाही, तर जॅकेट वर येतं आणि माणूस खाली राहतो.

मालवण तालुक्यातल्या धामापूरचा तलाव घ्या, 1530 सालचा. भगवतीचं देऊळ अगदी काठावर. 2020 मध्ये जागतिक सिंचन वारशाच्या यादीत गेला. इतकी वर्षं माणसं पाण्याला लागूनच राहिली, कुंपण घालून नव्हे. काकींना मात्र बोटीच दिसतात. दिसोत. मेमध्ये पाण्याला वास येणार, आणि दरवर्षी कुणीतरी हेच बोलणार. मनाला किती लावून घ्यायचं?

तोवर पाणी उघड्या पातेल्यात उकळायचं, वास बराच उडतो. कण खाली बसले की वरचं ओतून घ्यायचं. टाकीला 1000 लिटरमागे 5 ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), बादलीत कालवून चुना बसू द्यायचा, फक्त निवळी ओतायची आणि अर्धा तास थांबायचं. पाकीट उघडं राहिलं तर या दमट हवेत त्यातला क्लोरीन उडून जातो.

पहिल्या जोरदार पावसात थर ढवळले की काही दिवस वास आणखी वाढेल, वर लाल गढूळपणा येईल. तेव्हा शुद्धीकरण केंद्रात तुरटीची मात्रा रोज जार टेस्ट करूनच, म्हणजे भांड्यांत पाणी घेऊन कमी-जास्त तुरटी टाकून बघूनच, ठरवायला हवी, कालच्या अंदाजाने नाही.