विश्वास मिळवता आणि मग पिंजऱ्यात धरता? तुम्ही विचारलेत म्हणून

‘कुणाच्याही हाताला न लागणारी मांजरे तुमच्याजवळ कशी येतात?’ असे विचारणारे लोक थोड्या वेळाने हमखास दुसरा प्रश्नही विचारतात: ‘मग त्याच मांजरांना नसबंदीसाठी पिंजऱ्यात धरताना तुम्हाला काहीच वाटत नाही का?’ दोन्ही प्रश्नांना तोंडी उत्तरे देऊन मी थकलो आहे, आणि दुसऱ्याचे उत्तर तोंडी देताना माझा आवाज चढतो, म्हणून हे लिहितो आहे.

पहिल्या प्रश्नात युक्तीची अपेक्षा असते आणि माझ्याकडे युक्ती नाही. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, त्याच भांड्यात खाणे ठेवायचे, जरा दूर अंग तिरके करून बसायचे आणि टक लावून पाहायचे नाही, एवढेच आहे. नजरानजर झालीच तर डोळे बारीक करून सावकाश मिटायचे. ससेक्स विद्यापीठातील संशोधकांचा याविषयीचा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. असे डोळे मिटणाऱ्या अनोळखी माणसाजवळही मांजरे अधिक सहजपणे येतात, असे त्यांना आढळले. पण ती पाळीव मांजरे होती, त्यामुळे माणसाचा सहवासच न लाभलेल्या मांजरांकडून मी तेवढी आशा धरत नाही. ही मांजरे खातानाही एक कान मागे वळवून असतात, आणि मागचे पाय जमिनीवर नीट टेकलेले नसतात, उडी घेण्याच्या तयारीतच असतात. ते पाय सैल पडले आणि मांजर पूर्ण बसून खाऊ लागले, की दुसऱ्या दिवशी भांडे वीतभर आपल्याकडे सरकवायचे. हात पुढे करायचा नाही. मांजर आपण होऊन जवळ आले तर ती जवळीक आपण ओढून आणलेल्या जवळिकीपेक्षा जास्त वेळ टिकते. ज्यांना हात पुढे केल्यावाचून राहवत नाही, त्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे, की मांजराचा दात बारीक असला तरी खोल जातो; जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

एवढे सांगितल्यावर लोक विचारतात, की मोठे झालेले रानटी मांजर मांडीवर कधी येईल. बहुधा कधीच येणार नाही, आणि हे ऐकून ज्यांचा उत्साह मावळतो त्यांनी या भानगडीत न पडलेले बरे. पिल्लांची गोष्ट वेगळी आहे. जन्मानंतरच्या साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात, वास आणि आवाज ओळखीचा झाला, तर पिल्लू माणसाळते. तो काळ टळला की प्रत्येक आठवड्यागणिक काम अवघड होत जाते. बापाचा स्वभावही उतरतो. धीट बोक्याची पिल्ले नव्या माणसाला लवकर सरावतात. मात्र सातव्या आठवड्यापर्यंत पिल्ले आईला लुचतच असतात, तिच्याजवळ राहून बरेच काही शिकतही असतात, त्यामुळे त्यांना माणसाळवायचे तर आईपासून तोडावे लागते, आणि आईपाशी राहू द्यावे तर ती तिच्यासारखीच बुजरी होतात.

एका राखी पट्ट्यांच्या भाटीने, म्हणजे मांजरीने, मला नेमके याच पेचात टाकले. तिने माझ्यासमोर पाठ करून खाण्याइतका विश्वास टाकला होता. एके संध्याकाळी ती आली ती मागे पिल्ले घेऊन. त्यांच्या डोळ्यांचा निळा रंग नुकताच बदलू लागला होता, म्हणजे सातवा आठवडा जवळ आला होता आणि हातात वेळ थोडा होता. दूध पाजत असतानाही भाटी पुन्हा गाभण राहू शकते, दोन महिन्यांत विते, आणि तिच्या पिल्लांतल्या माद्या चार-पाच महिन्यांच्या झाल्या की त्याही गाभण राहू शकतात. हे मला पाठ होते. मी पिल्लांना उचलून जाळीच्या पेटीत घातले, पेटी सापळ्याच्या मागच्या टोकाला टेकवली आणि दोन्हींवर मिळून एकच चादर टाकली, जेणेकरून पिल्लांपर्यंत जाण्याचा रस्ता सापळ्यातूनच असल्याचे तिला वाटावे. पिल्ले रडू लागली. खाण्याचा वास दाखवून जी मांजर कधी सापळ्याच्या उंबऱ्यापर्यंतही आली नव्हती, ती त्या रडण्यामागे थेट आत गेली. दार पडल्यावर तिने जाळीवर इतक्या धडका दिल्या की नाक सोलून निघाले. मी चादर पुढेही ओढून घेतली आणि ती एकदम गप्प झाली. त्या गप्प होण्याला लोक शांत होणे म्हणतात. चादरीखाली मी वाकून पाहिले तेव्हा तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या पूर्ण पसरलेल्या होत्या आणि ती श्वास घेत होती एवढेच काय ते हलत होते. ती भीतीने थिजली होती, शांत झाली नव्हती.

नसबंदीची शस्त्रक्रिया झाली, ती झाल्याची ओळख म्हणून कानाचे टोक कापले गेले, आणि ती पूर्ण शुद्धीवर आल्यावर मी तिला होती तिथेच सोडले. पिल्ले एका लहान खोलीत ठेवली. एक पिल्लू माझ्या बोटाला लावलेले खाणे चाटता चाटता थरथरतही होते आणि घुरघुरतही होते. दुसरे पाठ फुगवून फिस्कारत असे आणि धीट भावंडाच्या आड लपे, म्हणून त्याला वेगळे ठेवावे लागले. मग तेही वळले. दोघेही आज माणसांच्या घरी आहेत. हे मी बचावासाठी सांगतो, हे कळते मला.

भाटी पुष्कळ दिवस फिरकली नाही. आता येते, पण मी उठून गेल्याशिवाय भांड्याला तोंड लावत नाही. ‘तिने माफ केले का?’ असे कुणी विचारले की मला राग येतो. तिने माझ्यापासूनचे सुरक्षित अंतर नव्याने ठरवले आहे, आणि माझे वागणे पाहता ते बरोबर ठरवले आहे. पूर्वी मी सर्वांना सांगत असे, की खाऊ घालणाऱ्याने सापळा लावू नये, ते काम दुसऱ्याकडून करवावे, म्हणजे मांजराचा आपल्यावरचा विश्वास शाबूत राहतो. आज मला तो सल्ला खाऊ घालणाऱ्या माणसाच्या सोयीचा वाटतो. पण ती भाटी अजून जवळ येत असती तर तिचे सुजलेल्या हिरड्या, डोळ्यातली चिकटण किंवा लंगडणे मला वेळेवर दिसले असते, म्हणजे त्या सल्ल्यात तिची सोयही होतीच, आणि इथे मला स्वतःला उत्तर देता येत नाही.

हल्ली कान शाबूत असलेला एक बोका येतो. त्याच्यासाठी सापळ्याचे दार उघडे बांधून ठेवले आहे आणि भांडे रोज थोडे थोडे आत सरकवतो आहे, म्हणजे ज्या दिवशी दार खरोखर पडेल त्या दिवशी ती जागा तरी त्याच्या ओळखीची असेल. यात त्याची घबराट कमी होईल, अशी माझी अटकळ आहे. कपट मात्र वाढते आहे, असे तुम्ही म्हणालात तर मी वाद घालीन, आणि दारही पाडीन.