बायोनिक नोंदी: चार बाइटांचं म्युटेक्स आणि ६५५३६ नंबरचा पिड

३२-बिट अँड्रॉइड डेस्कटॉपवर कंटेनरमध्ये चालवायचं काम बरंच पुढे सरकलंय. पण एक विचित्र प्रकार दिसत होता. कंटेनर ताजा असेपर्यंत सगळं सुरळीत. आत बायोनिकच्या (अँड्रॉइडच्या सी लायब्ररीच्या) युनिट टेस्टचा रतीब लावला, की काही तासांनी ३२-बिटची साधी कमांडसुद्धा चालू होताहोताच ॲबॉर्ट. ६४-बिट मात्र ठणठणीत.

लॉगमध्ये कारण स्वच्छ लिहिलेलं असतं: पीथ्रेड_म्युटेक्स_टी च्या (म्युटेक्स म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला घेता येणारं कुलूप) आकारामुळे ३२-बिट बायोनिकला ६५५३५ पर्यंतचेच पिड, म्हणजे प्रोसेसचे नंबर, चालतात. बायोनिकची प्रत्येक टेस्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालते, त्यामुळे पिड भराभर खर्ची पडतात. फोनवर याचा सहसा त्रास होत नाही, कारण कर्नलची नेहमीची मर्यादा ३२७६८ असते. डेस्कटॉपवर सिस्टमडी (लिनक्स सुरू करून सेवा सांभाळणारा प्रोग्राम) २४३ पासून ६४-बिट मशीनवर ती थेट ४१९४३०४ केली जाते.

आता आकाराचं गणित. ३२-बिटमध्ये म्युटेक्सला एकूण चार बाइट. त्यातले पहिले १६ बिट स्थितीचे: २ बिट कुलूप लागलंय की नाही यासाठी, ११ रिकर्सिव्ह मोजणीला (त्याच थ्रेडने कुलूप किती वेळा घेतलं), १ अनेक प्रोसेसमध्ये शेअर्ड आहे का यासाठी, २ प्रकारासाठी. उरलेल्या १६ बिटांत मालक थ्रेडचा नंबर. संपली जागा! एसटीच्या बाकावर तिघांच्या जागेत पाच जण बसवावेत, तसा प्रकार. प्रायॉरिटी इनहेरिटन्सचं म्युटेक्स (वाट बघणाऱ्याचं प्राधान्य कुलूपवाल्या थ्रेडला देणारं) आलं तेव्हा तर इथे जागाच नव्हती. म्हणून मालकाच्या खणात नुसता एक आयडी ठेवून खरी माहिती बाहेरच्या टेबलात ठेवली. ही युक्ती मला मनापासून आवडते.

मग आकार वाढवत का नाहीत? कारण तो आकार लायब्ररीच्या हातात राहिलेलाच नाही. हजारो ॲपांनी आपापल्या स्ट्रक्टमध्ये हे चार बाइट कंपाइल करून ठेवलेत. आठ केले तर शेजारच्या फील्डवर लिहिलं जाईल. अँड्रॉइड ५.० मध्ये ६४-बिट आलं तेव्हा पाटी कोरी होती, म्हणून तिथे ४० बाइट ठेवता आले.

टेस्टचा रतीब संपेपर्यंत कोण थांबणार, म्हणून शॉर्टकट काढला. अनशेअर वापरून नवी पिड नेमस्पेस (पिडची स्वतंत्र मोजणी) उघडायची आणि रूट होऊन एनएस_लास्ट_पिड मध्ये, म्हणजे शेवटचा दिलेला पिड ठेवणाऱ्या फाइलमध्ये, ६५५३० लिहायचं (कर्नलमध्ये चेकपॉइंट-रिस्टोर चालू हवं). मग एनडीकेने (अँड्रॉइडसाठी सी कोड बांधायच्या टूलने) बांधलेली छोटी स्टॅटिक ३२-बिट बायनरी पुन्हापुन्हा चालवायची. ६५५३५ ला मुकाट्याने चालते, ६५५३६ ला ॲबॉर्ट.

खरी गंमत पुढे आहे. ही तपासणी लायब्ररी सुरू होताना होते, म्हणजे एक्झेक होऊन नवा प्रोग्राम लोड झाल्यावर. पण अँड्रॉइडची ॲपं झायगोट या आधीच चालू असलेल्या मूळ प्रोसेसमधून नुसती फोर्क होतात, म्हणजे तिची प्रत निघते. तेच करून पाहिलं: बायनरी लहान पिडवर सुरू केली, मग नंबर वर ढकलून फोर्क केलं. मुलाला (नव्या प्रोसेसला) ६५५४० मिळाला आणि तो बिनबोभाट चालू लागला. त्याने रिकर्सिव्ह म्युटेक्स एकदा घेतलं. १६ बिटांत मालक म्हणून लिहिलं गेलं ४. दुसऱ्यांदा घ्यायला गेला तेव्हा ४ आणि ६५५४० जुळेनात, म्हणजे कुलूप दुसऱ्याच कुणाचं तरी! पठ्ठ्या स्वतःचीच वाट बघत फ्युटेक्सवर (कर्नलच्या वाट बघायच्या सोयीवर) झोपला. लॉगमध्ये चकार शब्द नाही. 'ॲप गोठतं' अशा तक्रारी पूर्वी वाचल्या होत्या, त्यातल्या काहींचं मूळ हेच असावं असा मला दाट संशय आहे.

उपाय लायब्ररीबाहेरचाच: होस्टवर सिस्कंट्रोलच्या फाइलमध्ये कर्नलचं पिड_मॅक्स ६५५३६ करायचं. कर्नल त्याच्या खालचेच नंबर देतो, त्यामुळे ६५५३५ पर्यंत चालतं. आधीच मोठा नंबर घेतलेल्या प्रोसेस तशाच राहतात, म्हणून नंतर कंटेनर नव्याने सुरू करा. एका मशीनवर एवढे थ्रेड डेस्कटॉपला पुरून उरतात. फोर्कनंतरही तपासणी व्हावी असा छोटा पॅच माझ्या शाखेत टाकलाय. झायगोटला त्याचा किती भार पडतो ते अजून मोजायचंय.

३२-बिटच्या यादीत पुढचा नंबर टाइम_टी चा, म्हणजे वेळ सेकंदांत ठेवणाऱ्या प्रकाराचा. १९ जानेवारी २०३८ ला आपल्या घड्याळात सकाळी ८:४४:०७ नंतर तो उलटतो. टाइम६४ चं हेडर आहे, पण ते ॲपने स्वतःहून वापरायला हवं. कंटेनरमधल्या कोणकोणत्या टूलमध्ये ते वापरलंय, ते आधी शोधतो.