प्रिय चारो

मालिकेच्या पहिल्या भागाचं नाव काय असावं? ‘रबर शूज’. ना प्रेम, ना सूड, ना नियती, पायातले बूट. पुढच्या भागांचीही नावं तशीच, माळा आवरताना हाताला लागाव्यात अशा वस्तूंची : चप्पल, अंगठी, पदक, पत्र. फिलिपिन्समध्ये १५ मे १९९१ ला ‘माअलाअला मो काया’ ही मालिका सुरू झाली आणि डिसेंबर २०२२ पर्यंत चालली. दर आठवड्याला नवी गोष्ट, नवे नट. कायम असायची ती फक्त गोष्ट सांगणारी बाई, चारो सांतोस-कॉन्सिओ.

गोष्टी प्रेक्षकच पाठवायचे. ‘प्रिय चारो’ असं लिहून सुरुवात करायची आणि मग जन्माचं सगळं ओतायचं : दारुडा बाप, टाकून गेलेली आई, परदेशात राबणारी बहीण, अर्धवट राहिलेलं शिक्षण. बाई पत्र वाचायला लागायच्या, वाचता वाचता पडद्यावर ते घर उभं राहायचं आणि शेवटी पुन्हा बाईच दोन शब्द बोलून निरोप घ्यायच्या. रडक्या मालिकांशी माझं कधी जमलं नाही. सासू शिंकली तरी तीनदा कॅमेरा फिरतो, तिथे मी उठून चहा टाकायला जातो. ही मालिका मात्र मी बसून पाहिलेली आहे, तीही खालच्या इंग्रजी ओळी वाचत. एक कारण ती वस्तू. चप्पल स्वतः काही रडत नाही. ती झिजते, तुटते, कुणीतरी खिळा मारून देतं, आणि तिच्या मालकाचं काय झालं ते आपोआप कळतं. दुसरं कारण बाईंचा आवाज. तो चढत नाही आणि गळाही काढत नाही. शेजारच्या काकूंनी दारात उभं राहून ‘अगं, कळलं का?’ म्हणावं तसं काहीच त्यात नाही. ऐकणाऱ्या माणसाचा आवाज आहे तो.

मस्कतला होतो तेव्हा शेजारच्या फ्लॅटमध्ये फिलिपिनो नर्सेस राहायच्या. त्यांच्या हॉलमध्ये एक भलंमोठं खोकं महिनोन्‌महिने उघडं पडलेलं असायचं. पगार झाला की त्यात भर : साबणाच्या वड्या, टूथपेस्ट, कॉफीची पाकिटं, मांसाचे डबे, भाच्याचे बूट. बुटांच्या आत मोजे, मोज्यांच्या आत चॉकलेट. बोटभर जागा वाया घालवायची नाही. मग चौघी मिळून त्यावर बसायच्या, चिकटपट्टी फिरवायच्या आणि खोकं बोटीनं घरी जायचं. ‘बालिकबायान बॉक्स’ म्हणतात त्याला, लाखो फिलिपिनो घरांत ते असंच भरलं जातं. या पोरींसाठी ‘प्रिय चारो’ म्हणजे कुठली तरी नटी नव्हती. एक जण म्हणाली होती, मी पण लिहिणार आहे एकदा. लिहिलं की नाही कोण जाणे. तिच्या भागाचं नाव काय ठेवलं असतं ते मात्र मला तेव्हाच दिसत होतं, हॉलच्या मधोमध.

खरं तर बाई मुळात नटीच. ओरिएंटल मिंडोरो प्रांतातल्या कालापानच्या, जन्म १९५५ चा. दिग्दर्शक माइक द लेऑन यांच्या ‘इतिम’ या १९७६ च्या चित्रपटात त्या पुढे आल्या. ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहातलं गाव, मेलेल्या बहिणीचं अंगात येणं, आणि ही शांत चेहऱ्याची मुलगी. १९८१ च्या ‘किसापमाता’त त्या एका निवृत्त पोलिसाच्या मुलीच्या भूमिकेत आहेत. हा बाप लग्न झालेल्या मुलीलाही घराबाहेर पडू देत नाही. भुताच्या सिनेमापेक्षा मला या बापाची भीती जास्त वाटली.

पुढे त्या एबीएस-सीबीएन या, ही मालिका दाखवणाऱ्या, देशातल्या बड्या वाहिनीच्या अध्यक्ष झाल्या, मुख्य कार्यकारी अधिकारीही झाल्या. म्हणजे दिवसा बॅलन्स शीट आणि मालिकेत लोकांची पत्रं. २०१५ च्या अखेरीस त्यांनी खुर्ची सोडली. पुढे ५ मे २०२० ला परवान्याची मुदत संपली म्हणून सरकारी आदेशानं त्या वाहिनीचं प्रक्षेपणच थांबलं, जुलैत संसदेच्या समितीनं नवा परवाना नाकारला, तरी पत्रं वाचणं केबलवर आणि इंटरनेटवर सुरूच राहिलं.

खुर्ची सोडल्यावर बाईंनी जे केलं त्याला माझा सलाम. साठी ओलांडल्यावर माणूस सत्कार घेतो, शाल-श्रीफळ घेतो, फार तर आत्मचरित्र लिहितो. यांनी फिलिपिनो दिग्दर्शक लाव दियाझचा चित्रपट घेतला, ‘आंग बाबाएंग हुमायो’. लाव दियाझ म्हणजे पावणेचार तास, कृष्णधवल, आणि कॅमेरा एकदा ठेवला की जागचा हलायचा नाही. मेकअपमध्ये लपायला वाव नाही. होरासिया ही शाळामास्तरीण, न केलेल्या खुनासाठी ३० वर्षं तुरुंगात. सुटून येते ती १९९७ मध्ये. ज्यानं तिला अडकवलं त्याचा बंगला ती शोधून काढते. मग रात्री पुरुषी कपडे, डोक्यावर टोपी, आणि बंगल्याबाहेर अंधारात बसणं. तिथे तिची गट्टी जमते ती एका कुबड असलेल्या बालुतवाल्याशी. बालुत म्हणजे बदकाचं आतलं पिल्लू तयार होत आलेलं उकडलेलं अंडं. रात्री टोपली घेऊन हाळी देत विकतात. बालुतवाल्याचा धंदा, त्याची पोरं, श्रीमंतांच्या घरी कोण येतं-जातं, हे सगळं ती ऐकत बसते. मारायला आलेली बाई, आणि तिचा निम्मा वेळ दुसऱ्यांची गाऱ्हाणी ऐकण्यात चाललाय! ते दृश्य पाहताना कळतं की हा अभिनय एका वर्षात आलेला नाही. २५ वर्षं परक्यांची पत्रं वाचून कान असा तयार होतो.

२०१६ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला सुवर्णसिंह हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. ‘माअलाअला मो काया’च्या हिशेबानं नाव ठेवायचं तर मी त्याला ‘टोपली’ म्हटलं असतं.

त्यानंतरही बाई स्वस्थ बसलेल्या नाहीत. २०२३ पासून ‘बातांग क्वियापो’ या मालिकेत त्या तिंदेंग नावाची आजी झाल्या. मनिलाच्या क्वियापोमधली वस्ती, चर्चभोवतीचे ठेले, नातू म्हणजे वस्तीतला गुंड. आजीचं तोंड असं सुटतं की पत्रं वाचणारी ती हीच का, असं वाटावं.