मठाचं बेट, काकडीचे मळे

रविवार, रात्री.

आज अण्णांना रायशेनाऊला नेलं. सासरे निफाडचे द्राक्षबागायतदार. दिवसभर चर्च बघून कंटाळतील, अशी धास्ती होती. जर्मनीतल्या कॉन्स्टान्स तळ्यातलं हे बेट. १८३८ साली घातलेल्या बांधावरून, दुतर्फा पॉपलरच्या रांगांतून बस आत जाते.

पिर्मिन नावाच्या साधूनं ७२४ साली इथं मठ स्थापला. जुनी चर्च तीन. सेंट जॉर्जमध्ये येशूच्या चमत्कारांची हजारेक वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं आहेत: वादळात सापडलेली होडी, थडग्यातून उठणारा लाझारस. माणसांच्या श्वासातल्या ओलीनं रंग जातात, म्हणून उन्हाळ्यात गाइडशिवाय आत सोडत नाहीत. एका चित्रात सैतान गाईचं कातडं ताणून त्यावर बायकांची चर्चमधली बडबड लिहून घेतायत. अण्णा म्हणाले, "आमच्या सप्त्यात बसवा यांना, कातडं पुरायचं नाही." पुरुषांच्या बडबडीचं कातडं कुठं टांगलंय, हे काही मी विचारलं नाही.

अण्णा खरे रमले ते बेटाच्या मधल्या मिटेलत्सेल गावातल्या मोठ्या चर्चमागच्या औषधी वाफ्यांत. नवव्या शतकातला इथला मठाधिपती वालाफ्रिड यानं आपल्या बागेवर लॅटिन कविता लिहिली, तिच्यावरून हे वाफे केलेत. कवितेची सुरुवात दारातल्या खाजकुइलीसारख्या माजलेल्या रानापासून. ते खणायचं, ढेकळं फोडायची, पाट्या भरून शेणखत टाकायचं, मग कुठं सेज नावाचं औषधी झुडूप, भोपळा, खरबूज. मी सांगत होते तसं अण्णा माना डोलावत होते. "स्वतः राबलाय गडी. नुसत्या बघणाऱ्याला खत सुचत नाही."

पुढं सगळीकडे काचघरं. काकडी, टोमॅटो, सॅलड. "द्राक्षं का नाहीत?" होती की, बेटभर मळे होते. १९२८-२९ च्या हिवाळ्यात गोठून गेले आणि लोक भाजीपाल्याकडे वळले. आता थोड्याच वेली उरल्यात. निफाडला पारा उतरला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागलं नाही. "एका रात्रीत जातं सगळं," एवढंच बोलले.

२००० साली हे बेट जागतिक वारशाच्या यादीत गेलं. माहितीफलक चर्चवर भरभरून बोलतात, शेतीला चार ओळी. मला तर हे वाफे आणि मळे वगळून मठ कळलाच नसता.

परतताना रस्त्याकडेला काकड्यांची मांडणी, शेजारी पैशांचा डबा, माणूस कुणी नाही. अण्णांनी मोजून नाणी टाकली आणि बस येईपर्यंत कुरकुरत राहिले, "घासाघीस करायची तरी कुणाशी?"