व्हीटीच्या घुमटाखाली मी कधी गेलोच नव्हतो

बावीस वर्षं झाली डोंबिवली ते व्हीटी करतोय. (हो, व्हीटीच. १९९६ ला सीएसटी झालं, २०१७ ला त्यात महाराज जोडून सीएसएमटी झालं, पासावर पण तेच छापलेलं असतं, पण तोंडातून व्हीटीच निघतं, काय करणार.) सकाळी गाडीतून उतरलो की लोंढा नेईल तसं सबवेत, संध्याकाळी तेच उलट. वर बघायला वेळ कुणाला, नजर कायम इंडिकेटरवर.

मागच्या शनिवारी मित्राला यायला उशीर होता म्हणून महापालिकेच्या बाजूच्या फुटपाथवर उभा होतो, तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं आणि डोक्यात ट्यूब पेटली की अरे, हा एवढा मोठा घुमट गाड्यांच्या वर नाहीचे! त्याच्या खाली आहे तो जिना, रेल्वेच्या ऑफिसांकडे जाणारा. म्हणजे आपण ज्याचे फोटो काढतो ते खरं तर जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीचं हेड ऑफिस, गाड्या आपल्या बाजूला वेगळ्या शेडमध्ये. लाखो लोक रोज येतात आणि घुमटाखालून कुणीच जात नाही. भारीच ना!

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हा त्याचा आर्किटेक्ट. काम सुरू १८७८ ला, पूर्ण १८८८ ला, मधे १८८७ ला राणीच्या राज्याची पन्नाशी आली म्हणून व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव पडलं. खर्च सोळा लाखांच्या वर, आज तेवढ्यात डोंबिवलीत वन रूम किचन पण येत नाही. डिझाइन करायच्या आधी स्टीव्हन्स युरोपातली स्टेशनं बघून आला होता, लोक लंडनच्या सेंट पँक्रसशी तुलना करतात ते उगाच नाही. पण नुसती कॉपी नाहीये, कमानी गॉथिक असल्या तरी बुरूज, छत्र्या आपल्याकडच्या राजवाड्यासारख्या आणि कोरीवकामात जेजे स्कूल ऑफ आर्टच्या पोरांचा हात. मोर, माकडं, पानंफुलं, काय काय कोरून ठेवलंय. कोपऱ्यांवर जनावरांची तोंडं बाहेर आलेली दिसतात ना, ती पावसाचं पाणी भिंतीपासून लांब टाकण्यासाठी. गंमत म्हणजे मी ज्या महापालिकेच्या इमारतीजवळ उभा होतो ती पण स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. दोन घुमट समोरासमोर, एकाच माणसाचे.

घुमटावर जी बाई उभी आहे ती राणी नाही, बरेच जण तसं समजतात, मी पण समजायचो. ती म्हणजे 'प्रगती', एका हातात मशाल, दुसऱ्या हातात चाक, आणि उंची साधारण पाच मीटर, खालून वाटत पण नाही. राणीचा पुतळा होता तो घड्याळाच्या खालच्या कोनाड्यात. स्वातंत्र्यानंतर तो काढला आणि कोनाडा अजून रिकामाच आहे. गेटच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ. सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे भारत. आणि दर्शनी भिंतीवर कंपनीच्या साहेबांचे चेहरे आहेत त्यांच्यात आपले नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय पण आहेत. राणी गेली, नाना आहेत, हे मला जाम आवडलं.

बाकी १६ एप्रिल १८५३ ची पहिली पॅसेंजर गाडी इथून सुटली असं लोक ठोकून देतात, ते अर्धंच खरं. ती ठाण्याला गेली बोरीबंदरहून, म्हणजे इथल्याच जुन्या स्टेशनातून, तेव्हा ही इमारत कागदावर पण नव्हती. हां, ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची गाडी मात्र व्हीटीहूनच सुटली, हार्बरने कुर्ल्यापर्यंत.

मित्र आला तेव्हा मी मान वर करून नानांना शोधत होतो. त्याला म्हटलं चल आत, लोकलच्या तिकीट हॉलचं छत बघू, स्टार चेंबर म्हणतात त्याला, निळ्यावर सोनेरी चांदण्या आहेत. आम्ही खिडक्यांसमोर मधेच थांबून वर बघायला लागलो तर मागून आवाज आला, "ओ काका, लाइनीत आहात का नाही?"